झोतभट्टीच्या तोंडाशी कोक आणि ओर कसे पसरतात : माझ्या सिम्युलेशन प्रोजेक्टच्या नोंदी

१४ एप्रिल

आज सुट्टी होती म्हणून शांतपणे बसून ठरवलं की नोंदी ठेवायच्याच, कारण मागच्या सेमिस्टरला काय केलं आणि का केलं हे दोन महिन्यांनी मलाच आठवत नव्हतं.

विषय असा. झोतभट्टीत म्हणजे ओरपासून लोखंड काढणाऱ्या ब्लास्ट फर्नेसमध्ये वरून एक थर कोकचा (दगडी कोळशापासून केलेलं इंधन), एक थर ओरचा म्हणजे लोहखनिजाचा (सिंटर म्हणजे चुरा भाजून केलेले तुकडे, पेलेट म्हणजे गोळ्या, थोडं लम्प ओर म्हणजे खनिजाचे दगड) असं आलटून पालटून टाकत राहायचं आणि खालून ट्वीअरमधून, म्हणजे भट्टीत हवा सोडणाऱ्या तोट्यांमधून, साधारण ११००-१२०० अंशाची गरम हवा मारायची. माल खाली उतरायला ६ ते ८ तास घेतो आणि वायू खालून वर काही सेकंदांत निघून जातो, त्या काही सेकंदांत त्याला जमेल तेवढी उष्णता आणि जमेल तेवढा कार्बन मोनॉक्साइड ओरला द्यायचाय. आता वायू कुठून जाणार हे ठरतं थर कसे पडलेत त्यावर. मध्यभागी कोक जास्त असेल तर वायू मधून वर येतो, भिंतीजवळ जास्त असेल तर भिंत तापते आणि स्टेव्हवरचा (भिंत थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पॅनलवरचा) लोड वाढतो. म्हणजे एवढ्या मोठ्या भट्टीचं इंधन, भिंतीचं आयुष्य, हॅंगिंग (माल आत अडकणं), स्लिप (तो एकदम खाली घसरणं) या सगळ्याचं मूळ वर माल पडतो त्या दीड मिनिटात असतं, आणि तिथे धूळ आणि प्रेशर असल्यामुळे नुसत्या डोळ्यानं काही दिसत नाही.

मला या विषयाची ओढ मामामुळे लागली. मामानं भिलाईच्या पोलाद कारखान्यात ३० वर्षं भट्टीवर काढली, आणि लहानपणी सुट्टीत गेलो की तो संध्याकाळी आकाश लाल झालं की म्हणायचा "बघ, टॅपिंग चालू आहे", म्हणजे भट्टीतून वितळलेलं लोखंड बाहेर काढतायत. काल फोनवर त्याला प्रोजेक्टचं सांगितलं तर म्हणाला, "अगं, ओर पडलं ना की आत कोक जागचा हलतो, तू कागदावर थर सरळ काढशील पण आत तसे नसतात." हे वाक्य लिहून ठेवतेय.

१९ एप्रिल

पहिलं काम म्हणजे साधं भूमितीचं मॉडेल, एक्सेलमध्येच. ८ मीटर व्यासाचा गळा, म्हणजे माल पडतो ते भट्टीचं वरचं तोंड, धरला. एका चार्जमध्ये (एका वेळच्या भरणीत) १६ टन कोक आणि ७० टन ओर. कोकची ढीग-घनता घनमीटरला ०.५ टन, ओरची १.९ टन. म्हणजे कोक ३२ घनमीटर आणि गळ्याचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मीटर, त्यामुळे कोकचा सरासरी थर ६४ सेंमी आणि ओरचा ७३ सेंमी. मग च्यूटच्या (गळ्यात गोल फिरत माल सोडणाऱ्या तिरक्या पन्हळीच्या) प्रत्येक कोनाला माल कुठे पडतो ते काढायचं, तिथून ढीग बसवायचा, दोन्ही बाजूंना उतार म्हणजे त्या मालाचा अँगल ऑफ रिपोज. कोक साधारण ३५ ते ३८ अंश, सिंटर ३१ ते ३४, पेलेट गोल असल्यामुळे २५ ते २८.

हे करताना एक गोष्ट डोक्यात नीट बसली जी वर्गात शिकताना बसली नव्हती. गळ्याच्या वर्तुळाचे समान क्षेत्रफळाचे १० भाग केले तर मधला पहिला भाग १.२६ मीटर त्रिज्येचा होतो आणि भिंतीलगतचा शेवटचा कडा फक्त २० सेंमी रुंद. म्हणजे भिंतीजवळची वीतभर पट्टी आणि मधलं अडीच मीटर व्यासाचं वर्तुळ, दोघांत सारखाच माल मावतो! त्रिज्येवर काढलेला ग्राफ बघताना डोळा फसतो, कारण मधला भाग ग्राफवर मोठा दिसतो पण त्यात माल थोडा असतो, आणि म्हणूनच थोडासा कोक इकडे तिकडे झाला की मध्याची जाडी एकदम बदलते. हे पुढे लागणार असं वाटतंय.

भूमितीचं मॉडेल दोन दिवसांत झालं आणि प्रोफाइल इतकं सुंदर आलं की सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "यात ओर पडल्यावर खालच्या कोकचं काय होतं?" मी म्हटलं काहीच नाही, तो तसाच राहतो. सर काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. मामा आणि सर एकच गोष्ट सांगतायत.

२५ एप्रिल

मग डीईएमकडे वळले, डिस्क्रीट एलिमेंट मेथड. १९७९ साली कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी मांडलेली पद्धत. प्रत्येक कण वेगळा धरायचा, प्रत्येक धडकेचं बल काढायचं, न्यूटनचा नियम लावून पुढे सरकायचं, आणि हे लाखो कणांसाठी लाखो वेळा. सॉफ्टवेअर लिग्ग्ट्स वापरतेय, ओपन सोर्स आहे आणि ते ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये तयार झालं. लिंझ म्हणजे तेच एलडी पोलादवालं लिंझ, ऑक्सिजन फुंकून पोलाद करायची एलडी पद्धत जिथे १९५२ ला सुरू झाली ते. हे वाचून छान वाटलं.

पूर्ण आकाराची भट्टी घेतली तर कण किती? सिंटर २० मिमी धरला, कणाची घनता घनमीटरला ३३०० किलो, तर एका कणाचं वजन जवळपास १४ ग्रॅम, आणि ७० टन म्हणजे ५० लाख कण. आमच्या १६ कोअरच्या मशीनला हे झेपणार नाही. मग मी ठरवलं की १:१० चं छोटं मॉडेल करू म्हणजे कण कमी होतील, आणि तासाभरानं लक्षात आलं की नाही होणार! गळा दहापट लहान केला, कणही दहापट लहान केला, तर संख्या तेवढीच राहते, ७० किलो ओर आणि २ मिमीचे कण, परत ५० लाखच. संख्या कमी करायची तर कण गळ्याच्या मानानं मोठा करायला लागतो. कण दुप्पट केला की संख्या आठपट कमी. म्हणून आता १:१० च्या मॉडेलमध्ये ओर ४ मिमी (साधारण ६ लाख ३० हजार कण) आणि कोक ४.५ ऐवजी ९ मिमी (साधारण ४२ हजार). दोन्ही दुप्पट केल्यामुळे कोक आणि ओरच्या आकाराचं गुणोत्तर तेच राहतं, ओर कोकच्या फटींत किती शिरतं हे त्यावर अवलंबून असल्यामुळे ते राखणं गरजेचं होतं.

यात तोटा असा की ६.४ सेंमीच्या कोकच्या थरात उभे ७ कणच मावतात. हे जाडंभरडं चित्र आहे हे मान्य करून पुढे जायचं, सरही तेच म्हणाले.

३ मे

टाइमस्टेपचा हिशोब. कणातून आघाताची लहर पसरायला जो वेळ लागतो, त्याला रेले टाइम म्हणतात, त्याच्या २० टक्क्यांच्या आत राहायला लागतं. खऱ्या दगडासारखा कडकपणा दिला तर टाइमस्टेप सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाजवळ जातो, मग रन महिनाभर संपणार नाही. सगळे करतात तसं यंग्ज मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, मुद्दाम कमी केला, १ कोटी पास्कल. लिग्ग्ट्स ५० लाखांच्या खाली जाऊच देत नाही, सरळ एरर देऊन थांबतं, आणि ते बरोबरच आहे कारण फार मऊ केलं तर कण एकमेकांत घुसतात आणि थर खोटा दाट होतो. १ कोटीला माझा रेले टाइम सेकंदाच्या ५००० व्या भागाएवढा आला, मी टाइमस्टेप त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा ठेवला, म्हणजे एका सेकंदाचे ५० हजार तुकडे.

च्यूटच्या आकाराची एसटीएल फाइल मिलिमीटरमध्ये होती आणि सॉफ्टवेअर मीटर समजलं, त्यामुळे पहिल्या रनमध्ये च्यूट ४०० मीटर लांब झाली आणि एकही कण तिला लागला नाही. स्केल ०.००१ दिला. ज्याला हे करायचंय त्यानं पहिला रन १०० कणांचा करून पॅराव्ह्यूमध्ये (निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) बघावा, लाख कण टाकायची घाई करू नये.

९ मे

या आठवड्यातली सगळ्यात मोठी चूक सापडली आणि ती मशीनची नव्हती, माझी होती.

खरी च्यूट मिनिटाला साधारण ८ फेऱ्या घेते. मी मॉडेलमध्येही ८ च ठेवल्या होत्या. कण च्यूटवरून सरळ घसरून पडत होते, प्रवाह अरुंद येत होता, आणि मला वाटत होतं की चला छान चाललंय. पण मोठ्या भट्टीचे जे फोटो आणि मोजमापं मी बघितलीत त्यात माल फिरत्या च्यूटच्या एका कडेवर चढतो आणि प्रवाह पिळवटल्यासारखा बाहेर पडतो, कोरिऑलिस बलामुळे. माझ्याकडे ते दिसतच नव्हतं. मग कागद घेऊन बसले. ८ फेऱ्यांना ३ मीटर त्रिज्येवर अपकेंद्री त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या भागाएवढं येतं, तेवढ्याच फेऱ्यांना ३० सेंमीवर ते जेमतेम पन्नासाव्या भागाएवढं. म्हणजे भट्टी दहापट लहान केली पण गुरुत्वाकर्षण तर तेवढंच राहिलं ना, मग फिरण्याचा वेग वाढवायला हवा होता, दहाच्या वर्गमुळानं, म्हणजे ३.१६ पट. मिनिटाला २५.३ फेऱ्या. फ्रूड नंबर सारखा ठेवायचा म्हणतात ते हेच, परीक्षेत लिहिलं होतं मी हे, मार्कही मिळाले होते.

२५.३ ला रन केल्यावर प्रवाह च्यूटच्या कडेवर चढला आणि पसरट झाला. पडायची जागाही बाहेर सरकली. एप्रिलपासूनचे सगळे रन 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले, डिलीट नाही केले.

१७ मे

कॅलिब्रेशन. माझे कण गोल आहेत आणि कोक काही गोल नसतो, त्याला कोपरे असतात, तो अडकतो. गोल कणाला अडकवायला रोलिंग फ्रिक्शन द्यायचं. नेहमीची पद्धत म्हणजे एक सिलिंडर भरायचा, हळूच उचलायचा, ढीग पसरतो, त्याचा कोन मोजायचा, खऱ्या कोकशी जुळेपर्यंत आकडे बदलत राहायचं.

लॅबमध्ये खऱ्या कोकचा कोन ३६ अंश आला. सिम्युलेशनमध्ये स्लायडिंग फ्रिक्शन ०.४ आणि रोलिंग ०.३ ला ३६ अंश आला, आनंद झाला. मग सहज म्हणून ०.७ आणि ०.१ ला रन लावून बघितला तर तिथेही ३६! आणि मधल्याही काही जोड्यांना ३५-३७ च्या आसपासच. म्हणजे ढिगाच्या कोनावरून आकडे ठरतच नाहीत, एकच उत्तर देणाऱ्या अनेक जोड्या आहेत. मी आत्तापर्यंत वाचलेल्या बऱ्याच रिपोर्टमध्ये कोन जुळला की पुढे गेलेले दिसतात. मला ते आता पटत नाहीये, पण माझ्याकडे दुसरा मार्ग अजून नाहीये.

दोन्ही जोड्यांना नावं दिली. ०.४/०.३ म्हणजे 'अ', ०.७/०.१ म्हणजे 'ब'. पुढचे सगळे रन दोन्हींनी करणार, वेळ दुप्पट लागेल, लागू दे.

२६ मे

पहिला पूर्ण चार्ज. च्यूटच्या प्रत्येक कोनाला पोझिशन नंबर असतो, आमच्या मॉडेलमध्ये पोझिशन १ म्हणजे मध्याजवळ आणि ११ म्हणजे भिंतीजवळ (हे नंबर प्लांटप्रमाणे उलटेही असतात, कुणाचा डेटा वाचताना आधी हे विचारावं). कोक १२ फेऱ्या: १० वर ३, मग ९, ८, ७, ६ वर दोन-दोन आणि ५ वर एक. ओर पण १२ फेऱ्या: १० वर २, ९ वर ३, ८ वर ३, ७ वर २, ६ वर २. प्रत्येक पोझिशनला रन थांबवून, च्यूट झुकवून, रिस्टार्ट फाइलवरून पुढे. १२ फेऱ्यांना साडेअठ्ठावीस सेकंद, माल स्थिरावायला थोडे, असे ३० सेकंद, म्हणजे १५ लाख स्टेप. एका ओरच्या चार्जला १५-१६ तास लागतात.

काल रात्री १३ व्या तासाला लाइट गेली आणि यूपीएस काही टिकला नाही. रिस्टार्ट फाइल पोझिशन बदलतानाच लिहायची सोय केली होती म्हणून दोन तासांचं काम गेलं, तेरा तासांचं नाही. आता दर ५० हजार स्टेपला लिहायला सांगितलंय, डिस्क भरली तर भरली.

१ जून

दिसलं!

'अ' चा रन सकाळी संपला. पॅराव्ह्यूमध्ये मधोमध उभा छेद घेतला, कोक काळा ठेवला आणि ओर यायच्या आधी कोकच्या कणांना त्यांच्या त्रिज्येप्रमाणे वेगवेगळे रंग दिले होते, म्हणजे कोण कुठला होता ते नंतर कळावं. ओरची सुरुवातीची कडी १० आणि ९ वर पडली तोपर्यंत कोक जवळजवळ गप्प होता. ८ ला वरचा कोक थोडा दबला. मग ७ आणि ६ ला ओर उतारावर पडायला लागलं आणि कोकच्या उताराचा वरचा एक पदरच्या पदर सुटून आत घसरला, दरड कोसळते तसा, आणि त्याच्या मागून ओर त्या जागेत जाऊन बसलं. मी तो तुकडा वीस-पंचवीस वेळा तरी मागे पुढे करून बघितला असेल. मामा म्हणत होता ते हेच, आणि एक्सेलमधल्या सुंदर रेघेत हे कुठेच नव्हतं.

मोजलं. आतल्या १० सेंमी त्रिज्येत (म्हणजे खऱ्या भट्टीत १ मीटर) ओर पडल्यावर ८०० ग्रॅम कोक जास्तीचा आला. १६ किलोतले ८०० ग्रॅम म्हणजे फक्त ५ टक्के. पण त्या छोट्या वर्तुळात ५ टक्के पसरले तर थर ५ सेंमीनं वाढतो! मुळातली सरासरी जाडी ६.४ सेंमी. म्हणजे खऱ्या भट्टीच्या मापात मध्याचा कोक ६४ सेंमीच्या जागी ११५ सेंमीच्या आसपास जातो, आणि हा कोक जिथून आला त्या १० ते २० सेंमीच्या पट्टीत तो साधारण पावणेदोन सेंमीनं कमी झाला. १९ एप्रिलला क्षेत्रफळाचं जे लिहिलं होतं ते असं समोर आलं.

संध्याकाळी 'ब' चा निकाल आला. त्यात सरकलेला कोक निम्म्याहून कमी आहे.

आता खरं कोण?

८ जून

सरांशी बोलून ठरवलं की याच घटनेची छोटी टेस्ट खऱ्या मालावर करायची. ढिगाचा कोन हे शांत मालाचं माप आहे, मला मार बसल्यावर हलणाऱ्या मालाचं माप हवंय.

बोहरी आळीत जाऊन ॲक्रिलिक शीट कापून आणली, ६० सेंमी लांब, १० सेंमी रुंद अशी उभी पेटी, पुढची बाजू पारदर्शक. कोक हातोडीनं फोडून ८ ते १० मिमी चाळला, सिंटर ३ ते ५ मिमी. हा कोक फोडणं म्हणजे तीन दिवसांचं काम झालं आणि तरी हवा तेवढा मिळेना कारण निम्मा चुरा होतो. मैत्रिणी मदतीला आल्या, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे. कोकचे काही तुकडे पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवून उतारात ठरलेल्या रांगांमध्ये लावले, मग वरून एका फळीवरून सिंटर सोडला आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. पाच वेळा केलं, प्रत्येक वेळी परत सगळं काढून, चाळून, लावून.

१४ जून

पांढरे तुकडे उतारावर खाली सरासरी ४ सेंमी सरकले, पाचही वेळा साडेतीन ते साडेचारच्या मध्ये. तीच पेटी सिम्युलेशनमध्ये केली (छोटी आहे, अर्ध्या तासात होते, किती बरं वाटतं). 'अ' ला साडेचार सेंमी आलं, 'ब' ला दोन. मग मधल्या जोड्या लावून बघितल्या आणि ०.४५/०.२७ ला ४.१ आलं, कोनही ३६ च. हीच जोडी पक्की केली.

माझ्या दृष्टीनं या प्रोजेक्टमधली सगळ्यात महत्त्वाची तारीख ही आहे. दोन आकडे ठरवायला किमान दोन वेगळ्या टेस्ट लागतात, हे बीजगणितात आपण शाळेतच शिकतो, आणि तरी मी महिनाभर एकाच टेस्टवर चालले होते.

२१ जून

पक्क्या जोडीनं पूर्ण चार्ज परत केला. सरकलेला कोक ५ टक्क्यांच्या जरासा खाली, म्हणजे 'अ' च्या जवळच. वेळ वाया गेला नाही.

दरम्यान वाचन. जपानी लोकांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या दशकात चालू भट्ट्या बंद करून, थंड करून, वरून थर थर उकरत खाली जाऊन बघितल्या, हिगाशिदा, हिरोहाता, कुकिओका. तेव्हा कळलं की कोक आणि ओरचे थर वरच्या भागात मिसळून जात नाहीत, ते थर म्हणूनच खाली मऊ पडणाऱ्या पट्ट्यापर्यंत, कोहेजिव्ह झोनपर्यंत जातात, आणि तिथे ओर मऊ होऊन बंद झालं की वायू फक्त कोकच्या फटींतून आडवा निघतो. म्हणजे वर दीड मिनिटात जो थर पडला त्याचा ठसा तासन्‌तास खाली उतरत राहतो. गिट्टी उकरत आत उतरलेल्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. माझ्याकडे छेद घ्यायला पॅराव्ह्यूचं एक बटण आहे.

२८ जून

आता वायूचा प्रश्न. डीईएममध्ये वायू घातलेला नाही, पूर्ण जोडकाम केलं तर प्रोजेक्ट यावर्षी संपणार नाही. म्हणून कणांच्या थरातून वायूला किती रोध होतो ते सांगणारं १९५२ चं एर्गनचं समीकरण हातानं लावलं. वेगवान प्रवाहात रोध हा १ वजा पोकळी (पोकळी म्हणजे कणांमधल्या मोकळ्या जागेचा हिस्सा) याच्या सम प्रमाणात, आणि पोकळीच्या घनाच्या आणि कणाच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात जातो. कोक ४५ मिमी आणि पोकळी ५० टक्के, ओर २० मिमी आणि पोकळी ४२ टक्के धरलं तर तेवढ्याच जाडीच्या ओरचा रोध कोकच्या ४.४ पट येतो. निम्मा कोक निम्मं ओर असा रकाना आणि शेजारी नुसत्या कोकचा रकाना असेल तर नुसत्या कोकमधून वायू १.६ पट वेगानं जाईल, तापमानाचा फरक सोडून. आणि ओरची पोकळी ४२ वरून ३७ टक्के झाली, म्हणजे नुसता चुरा वाढला, तर रोध दीडपटीच्या वर. प्लांटमधली माणसं चाळणीवरून एवढी का भांडतात ते या एका ओळीत आहे.

माझ्या प्रोफाइलवर लावलं तर मध्यातून वायू चांगला येतो, पण १० ते २० सेंमीच्या पट्टीत कोक कमी आणि ओर जास्त असल्यामुळे तिथे वायू कोंडतो. भूमितीच्या मॉडेलमध्ये ही पट्टी एकदम ठीक दिसत होती. म्हणजे त्या मॉडेलवर विसंबून कुणी 'मध्याला अजून कोक द्या' म्हणून सेटिंग बदललं असतं तर मध्य आधीच मोकळा असताना अजून मोकळा झाला असता आणि वायू काम न करता वर निघून गेला असता.

६ जुलै

एकच बदल करून बघितला. ओरची सगळ्यात आतली कडी, ६ ची, काढली आणि त्या दोन फेऱ्या एक ८ ला आणि एक ७ ला दिल्या. म्हणजे १० वर २, ९ वर ३, ८ वर ४, ७ वर ३. ओर आता उताराच्या वरच्या भागावर पडतं. मध्यात सरकणारा कोक ५ वरून ३ टक्क्यांवर आला, म्हणजे मध्याची वाढ ५ सेंमीऐवजी ३ सेंमी, आणि मधली पट्टी सुधारली. पण भिंतीकडे ओर जाड झालं, तिथे वायू कमी होणार. थोडा कमी झालेला चालतो, स्टेव्ह वाचतात, फार कमी झाला तर भिंतीला माल चिकटायला लागतो. किती कमी म्हणजे फार, हे माझं मॉडेल सांगू शकत नाही, त्यासाठी उतरणारा माल आणि गरम वायू दोन्ही लागतील. म्हणून रिपोर्टमध्ये 'हे सेटिंग चांगलं' असं लिहिणार नाही, 'या बदलानं कोक एवढा सरकतो' एवढंच लिहिणार.

१३ जुलै

मामा पुण्यात आलाय, गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायला. दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला आणि ओरवाला तुकडा लावला. चष्मा वर करून स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघत बसला. मग म्हणाला, "परत लाव." तीन वेळा लावला.

मग तो बोलायला लागला. त्याच्या वेळी त्याच्या भट्टीवर च्यूट नव्हती, बेल होती, म्हणजे तोंड बंद करणारी आणि खाली गेली की माल सोडणारी घंटा, एक मोठी आणि एक छोटी. स्किप, म्हणजे माल वर नेणारी गाडी, एकाच बाजूनं ओतते म्हणून वरचं हॉपर दर वेळी थोडं फिरवायचं, म्हणजे ढीग एकाच अंगाला नको. घंटा खाली गेली की सगळा माल एकदम भिंतीकडे, ते थोपवायला हातात काय, तर चार्जचा क्रम आणि माल किती खोल पडू द्यायचा एवढंच. मी त्याला सांगितलं की ही घंटा १८५० ची, वेल्समध्ये पॅरी नावाच्या माणसानं बसवलेली, आणि फिरत्या च्यूटची कल्पना लक्झेंबर्गच्या पॉल वुर्थ कंपनीची, १९७२ साली जर्मनीत पहिली लागली. त्याला पॅरी माहीत नव्हता. तो म्हणाला, "सव्वाशे वर्षं एकाच घंटेवर चाललं म्हणजे माणूस हुशार असणार." मग भिलाईच्या नव्या ८ नंबरच्या भट्टीबद्दल, महामायाबद्दल बोलला, ४०६० घनमीटरची, २०१८ ची. तो तोपर्यंत रिटायर झाला होता, पण बघायला गेला होता, आणि कंट्रोल रूममध्ये च्यूटचा कोन आकड्यात दिसतो हे बघून बराच वेळ तिथेच उभा होता म्हणे.

मी विचारलं, तुला कसं कळायचं आत कोक हलला ते? तर म्हणाला, "ओर टाकल्यावर मधल्या वायूचं तापमान पडायला पाहिजे, नवीन थंड माल आलाय ना. कधी कधी पडायचंच नाही, उलट चढायचं. तेव्हा जुना फोरमन म्हणायचा कोक आत गेला. आम्ही मानायचो, दिसलं कुणालाच नव्हतं." आणि परत स्क्रीनकडे बघितलं.

मग बाहेर पावसाची मोठी सर आली, आणि तो खिडकीकडे बघत म्हणाला, "यात ओर कोरडं आहे का?"

कोरडंच आहे. माझ्या एकाही कणाला ओल नाही.

"मग जुलैचं ओर टाकून बघ. पावसाळ्यात लम्प ओर ओलं येतं, चाळणी बुजते, चुरा दगडाला चिकटून तसाच वर जातो. तो आपला घरंगळत नाही, पडेल तिथे बसतो. आमचे सगळ्यात वाईट महिने जुलै-ऑगस्ट. तुझ्या कोकला मग कोण ढकलणार?"

मी सरांना मेसेज केला. लिग्ग्ट्समध्ये चिकटपणाचं मॉडेल आहे, एसजेकेआर नावाचं, एकच आकडा द्यायचा असतो, पण तो आकडा कुठून आणायचा? परत एकच टेस्ट करून चालणार नाही हे आता माहितीये. ॲक्रिलिकची पेटी अजून लॅबमध्येच आहे. ओला सिंटर, मोजून पाणी, ३ टक्के, ५ टक्के, ७ टक्के, आणि पांढरे तुकडे परत रंगवायला लागतील, जुन्यांचा रंग खरवडला गेलाय.

मामा मंगळवारपर्यंत आहे. उद्या त्याला लॅबमध्ये नेतेय, जिना चढायला जमलं तर.